पुतळीचा कोरा दंड

माझे घर हौसाआजीच्या डाव्या दंडावर आहे, खांद्याच्या थोडे खाली. आकाराने मी जुन्या पावलीएवढा, म्हणजे चार आण्याच्या नाण्याएवढा, मध्ये खोलगट, कडेने सुरकुतलेला. मित्रांनो, मी देवीच्या लशीचा एक जुना वण आहे. तुमच्या दंडावरही एखादा बारीक वण असेल, पण तो दुसऱ्या लशीचा. माझ्या जातीचे वण आता नव्याने जन्माला येत नाहीत, कारण देवीचा रोगच उरला नाही, आणि ही देवाच्या दयेने फार आनंदाची गोष्ट आहे.

माझा जन्म झाला तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीकाठी काळुराम मिठागरावर काम करायचा. त्याला दोन लेकी. हौसा आठ वर्षांची, पुतळी सहाची. त्या काळी देवीचा रोग येत असे. अंगभर फोड उठत, ताप चढे, कित्येक माणसे जात. जी वाचत त्यांच्या तोंडावर खड्डे राहत. लेकींची आई धोंडुबाई लहानपणी त्यातूनच वाचलेली. तिच्या गालांवर ते खड्डे होते. तिचा पाठचा भाऊ मात्र वाचला नव्हता.

एके सकाळी सरकारी टोचणारे दत्तात्रेयराव सायकलवरून आले. लोक त्यांना देवीडाक्टर म्हणत. त्यांच्याजवळ काचेच्या नळीत लस असे आणि दातऱ्या कडेची एक छोटी चकती. ती दंडावर दाबून फिरवायची. हौसा रडली. पुतळी तिच्याकडे बघून हसली आणि स्वतःची पाळी आल्यावर दुप्पट रडली. नळी एक, हात एक, वेळही एकच.

चार दिवसांनी हौसाचा दंड लाल झाला, फोड उठला, पोर तापाने फणफणली. असा मी जन्मलो. पुतळीच्या दंडावरचा ओरखडा मात्र वाळून गळून गेला. खाली कातडी कोरीच्या कोरी!

धोंडुबाई घाबरली. तिला वाटले, देवीच घरी आली. देवी आल्यावर पाळतात त्या रिवाजाप्रमाणे तिने दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी बंद केली, केसांना फणी लावली नाही. खाडीवरच्या देवळात दिवाबत्ती करणारी मैनाआजी बघायला आली.

"थोरलीवर रागावली गो माता," ती हळूच म्हणाली. "पण धाकटीवर मर्जी हाय. बघ, दंड कसा कोरा ठेवला!"

धोंडुबाईने त्याच संध्याकाळी मातेपुढे पदर पसरला. "माझी हौसा बरी कर. पुन्हा माझ्या लेकरांना सुई लागू देणार नाय."

हौसा बरी झाली. खपली पडली आणि मी मागे राहिलो. पुतळीला तर चेव आला. "आक्का, तुझ्या हाताला कुणी पावली डकवली गो?" असे म्हणून ती पळायची. शेजारणी म्हणायच्या, धाकटीला सोयरीक चांगली मिळेल. हौसा बाही ओढून मला झाकू लागली. अंधारात बसून मला फार वाईट वाटे. कुणाला ठाऊक नव्हते की मी रागाची खूण नाही, राखणीची आहे.

माझे पहिले कौतुक केले ते दत्तात्रेयरावांनी. टोचलेली पोरे बघायला ते फिरून आले होते. "वा, झकास उठली!" म्हणाले. मग पुतळीची बाही वर केली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हिला लागली नाही, धोंडुबाई. परत टोचायला हवी."

"एकीला तापवलीत ती पुरे नाय झाली?"

"जिला ताप आला तिची काळजी मिटली. हिची आहे."

"तुमचं सगळं उलटंच, डाक्टर! देवीनं सोडलं तिला धरून देऊ व्हय तुमच्या हाती?"

तिने पुतळीला आत पाठवले आणि दार लोटले. मी इथेच होतो, दंडावर. पण वणाला तोंड कुठे असते, मित्रांनो?

पुढे पावसाळा सरला आणि जेटीजवळच्या जनूच्या झोपडीत तो रोग शिरला. जनूची बायको अंथरुणाला खिळली. खाडीकाठची एक जुनी चाल होती. ज्याला देवी येऊन गेली आहे, त्यालाच शुश्रूषेला बोलवायचे, कारण त्याला ती पुन्हा येत नाही. जनू अंगणाबाहेर उभा राहून म्हणाला, "वैनी, येशील का गो? मी बिनखुणेचा, तिला पाणी पाजायला दुसरं माणूस नाय. तू खुणेची हायस."

धोंडुबाई लगेच उठली. पुतळीही तिच्यामागे निघाली. "आये, मी पण येते. मी तर मातेची लाडकी हाय!"

"गप बस! ज्याच्या अंगावर खूण नाय त्यानं त्या दारात पाय ठेवायचा नाय."

बोलली आणि धोंडुबाई जागच्या जागी थांबली. हौसा उंबऱ्यावर बसली होती. आईने तिची बाही वर केली, माझ्यावर अंगठा ठेवला. दुसऱ्या हाताने स्वतःचा गाल चाचपला. दोन्ही खड्डे हाताला सारखेच लागले; म्हणजे हौसाही खुणेचीच होती. मग तिने पुतळीच्या कोऱ्या दंडाकडे पाहिले. इतके दिवस ज्या दंडाचा तिला अभिमान वाटे, तो तिने पदराखाली ओढून घेतला.

"जनूभाऊ, तू हो पुढं. पोरीचं काम करते नि येतेच."

पण मातेला दिलेला शब्द? पुतळीला कडेवर घेऊन ती आधी देवळात गेली. हौसाही मागोमाग होती, म्हणून मीही.

"मैनाआत्ये, मी बोलून बसलेय. आता सुई लावली तर कोप होईल का गो?"

मैनाआजीने वात पुढे सारली. मग म्हणाली, "माता काय सावकार हाय, शब्दाला धरून बसायला? आईच ती. लाडकी म्हणाले ती माझी म्हातारीची जीभ. ओटी भर, चुकी माग, नि जा लौकर."

धोंडुबाईने ओटी भरली आणि त्या शब्दाच्या बदल्यात मंगळवारचा उपास धरला. तो तिने शेवटपर्यंत मोडला नाही. मग ती पोरीला घेऊन चालत पेणच्या दवाखान्यात गेली. दत्तात्रेयरावांनी पुतळीला परत टोचले आणि फक्त एवढेच म्हणाले, "बरं केलंत."

पुतळीला घरी सोडून धोंडुबाई जनूकडे गेली आणि तिकडचा रोग घरी येऊ नये म्हणून तिकडेच राहिली. इकडे हौसा रोज सकाळी पुतळीची बाही वर करून बघे. काहीच नाही. पुन्हा दुसऱ्या सकाळी. नाही. पुतळी आता पावलीची थट्टा करीत नव्हती. एकदा तर तिने माझ्यावर बोट ठेवून विचारले, "आक्का, मला पण येईल ना गो असा?"

आणि एका सकाळी आला! मसुरीच्या डाळीएवढा फोड. ताप म्हणाल तर जेमतेम एक संध्याकाळ. हौसा बांधावरून धावत सुटली आणि लांबूनच ओरडली, "आये! उठली! पुतळीची उठली!" झोपडीच्या दारातल्या धोंडुबाईने खाडीवरच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले.

जनूची बायको वाचली. काळुरामच्या घरात रोग शिरला नाही. पुढच्या फेरीला काळुरामने दत्तात्रेयरावांना विचारले, "एका आईच्या लेकी, एकच लस. थोरलीची एवढी नि धाकटीला दोनदा टोचून एवढीशी. असं का?"

"ज्याचं त्याचं शरीर, काळुराम. वय, पोटात गेलेलं अन्न, होऊन गेलेली दुखणी, आईबापाकडून आलेलं काही. कधी लशीचाही जोर कमी पडतो. नेमकं एक कारण मलाही सांगता येणार नाही."

"म्हणजे आमच्या मिठागरासारखंच. एका भरतीचं पाणी दोन वाफ्यांत सोडतो. एकात मीठ लौकर धरतं, दुसऱ्यात नाय."

"मग त्या वाफ्यावर रागावता?"

"रागावून काय करू? परत पाणी सोडतो."

दत्तात्रेयराव मोठ्याने हसले.

मित्रांनो, आता हौसाआजी रोह्याला राहते. करोनाच्या साथीत तिची नात हेमा कंपनीतून शिफ्ट करून आली ती रुसूनच. "आजी, लस घेऊन माझ्याबरोबर काम करणारी अमीना दोन दिवस तापाने झोपली. मला काहीच झालं नाही. माझी फुकट गेली. दुसरी घेऊन काय उपयोग?"

पुतळीआजी खांब गावाहून बहिणीला भेटायला आली होती. ती म्हणाली, "माझ्यासारखीच गो तू, कोरी!" मग दोघींनी बाह्या वर केल्या आणि सगळी हकीकत सांगितली.

हेमाने डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, या लशीची खूण दंडावर उठत नाही, तिचे काम आत चालते. ताप आला म्हणून जास्त लागली असे नाही, नाही आला म्हणून वाया गेली असेही नाही. दुसरी मात्र वेळेवर घ्यायची. हेमाने ती घेतली.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे, मुलांनो. कुणाला ताप चढला तर त्याच्यावर कोप झाला म्हणू नका, आणि कुणाला काही झाले नाही तर त्याला लाडका म्हणून मोकळे सोडू नका. आपल्या शरीराचे माप दुसऱ्याच्या शरीराने घेऊ नका. जाणत्याला विचारा आणि पुन्हा बोलावले तर पुन्हा जा.

मला आता कोणी झाकत नाही. पुतळीआजी आली की हौसाआजी आधी तिला पाणी देते आणि मग जुन्या सवयीने तिची बाही वर करते. मसुरीएवढा माझा धाकटा भाऊ तिथे आहे ना, एवढे बघते आणि बाही नीट खाली करते.