आरपार भोक

लेथवर लाकूड कातून टेबललॅम्पच्या दांड्या करणं हा सासऱ्यांचा जन्मभराचा धंदा. दांडीत वायर जायला या टोकापासून त्या टोकापर्यंत भोक लागतं. ड्रिल तेवढं लांब पोचत नाही, म्हणून अर्धं भोक एका बाजूनं पाडायचं, दांडी उलटी लावून अर्धं दुसऱ्या बाजूनं, आणि दोन्ही भोकं मधोमध भेटली पाहिजेत. सासऱ्यांची नेहमी भेटायची. मग एक दिवस ती भेटेनाशी झाली. एक दांडी वाया गेली, दुसरी गेली, पुढचीत तर ड्रिल थेट कुशीतून बाहेर आलं. सासऱ्यांनी लेथ बंद केला, त्यावर चादर टाकली आणि घरात जाहीर केलं, "माझे हात गेले."

तेव्हापासून माणूस जो बसला तो बसलाच. बल्ब बदलायला नको, खिळा ठोकायला नको. कोणी काही करायला सांगितलं की दोन्ही हात काखेत घालून भिंतीकडे बघायचे.

सुनेचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. तिला हे हात गेल्याचं प्रकरण काही केल्या पटेना. सासरे रोज सकाळी जुन्या वस्तऱ्यानं दाढी करत आणि गालावर एक ओरखडा नसे. हात गेलेला माणूस वस्तरा असा चालवतो होय? शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिनं मागच्या खोलीतली चादर ओढून काढली.

"राहू दे गं ते," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "आज लेथ गंजलाय, एवढी तरी सबब आहे त्यांना. तू तो चांगला चालू केलास आणि भोकं पुन्हा चुकली तर? मग काय सांगायचं?"

सुनेनं तरीही रॉकेलचा डबा उघडला.

गंज निघाला, नवा पट्टा चढला, बेअरिंगं धुऊन निघाली. लेथ हिरवागार होता, कारण नवरा रंगारी. लेथवर चादर पडायच्या थोडंच आधी, सासऱ्यांच्या वाढदिवसाला त्यानं मोठ्या प्रेमानं तो पूर्ण खोलून, रंगवून परत जोडून दिला होता. आणि नवरा म्हणजे असा की कपाटाची पाठसुद्धा रंगवल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही.

लेथला एका बाजूला फिरणारं डोकं असतं आणि समोर मागेपुढे सरकणारं शेपूट. दोघांचीही टोकं अणकुचीदार. शेपूट सरकवत डोक्यापाशी आणलं की टोकाला टोक भिडलं पाहिजे. सुनेनं आणलं. भिडलं नाही. डोक्याचं टोक केसभर वर होतं.

तिनं शेपूट खोलून बघितलं, ते ठीक. बेअरिंगं ठीक. तिनं लेथला मनसोक्त शिव्या घातल्या, तेही करून झालं. मग बोल्ट काढून डोकंच उचललं आणि ती बघतच राहिली. डोक्याच्या बुडाला रंग. खालच्या ज्या लोखंडी पट्ट्यांवर ते बसतं त्यांवरही रंग. गुळगुळीत, चकचकीत, आणि एका कडेला ओघळून जाड झालेला.

तिनं नवऱ्याला हाक मारली. "हे काय आहे?"

"आतनंसुद्धा रंगवलंय," नवरा कौतुकानं म्हणाला. "दुसरा कोणी रंगवून दाखवेल का?"

"नाही दाखवणार! लोखंडावर लोखंड बसायचं तिथं तू रंग बसवलास. डोकं तिरकं झालं, ड्रिल तिरकं जायला लागलं. आणि बाबा बसलेत स्वतःच्या हातांना दोष देत!"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं पत्र्याचा तुकडा घेतला आणि आपलाच रंग खरवडायला बसला. लोखंड उघडं पडलं, डोकं बसवलं, शेपूट सरकवलं. टोकाला टोक भिडलं.

पण सासरे कसले ऐकतात! "माझी समजूत घालायला लेथला कशाला बदनाम करता?" म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

मग सुनेनं स्वतःच लाकूड चढवलं आणि पटाशी टेकवली. असा काही खरखराट झाला की सासरे चप्पल न घालताच धावत आले.

"अगं, अगं! लाकूड कातते आहेस की सोलते आहेस? आण इकडे!"

पटाशी त्यांच्या हातात गेली आणि खोलीतला आवाजच बदलला. लांब, सलग सालं निघायला लागली. सासऱ्यांचे खांदे खाली आले. बघता बघता दांडी गोल झाली, मध्ये तिला कंबर आली. मग ड्रिल लावायची वेळ आली आणि ते थांबले. सुनेला वाटलं, आता निघून जातील. गेले नाहीत. अर्धं भोक पाडलं, दांडी उलटी लावली, दुसऱ्या बाजूनं पाडलं, आणि दांडी सुनेच्या हातात दिली.

"तूच बघ," ते म्हणाले. "मला धीर नाही."

सुनेनं वायर घातली. थोडी गेली, आणखी गेली, मधोमध पोचली. कुठंच अडली नाही. पलीकडच्या टोकातून अलगद बाहेर आली आणि सून खरोखरच ओरडली. सासूबाई पदर सावरत आल्या. नवरा तर रडायलाच लागला. "बाबा, मीच केलं हो ते. मला चुलीत घाला."

सासऱ्यांनी वायर आत-बाहेर ओढून बघितली. पुन्हा बघितली. दोन्ही तळहात उजेडात धरले, उलटे केले, सुलटे केले. डोळे भरून आले, पण हसू आवरेना.

"चांगले आहेत की," ते म्हणाले. "मी यांना काय काय बोललो!"

मग मुलाच्या पाठीत त्यांनी असा धपाटा घातला की तो दोन पावलं पुढे गेला.

"हातात जोर पण आहे," सून म्हणाली.

दुपार टळली. सासूबाईंनी जेवायला हाक मारली, मग दुसरी मारली. मागच्या खोलीतून लेथच्या घरघरीवर चढलेला सासऱ्यांचा आवाज आला.

"तुम्ही बसा जेवायला! माझे हात कामात आहेत!"