खाटेवरचं मत

आलुबुखाराचा मुरंबा चुलीवर असला की हात थांबवायचा नसतो. हात थांबला की तळ लागतो, आणि तळ लागला की सासरची माणसं वर्षभर तोंड वाकडं करून खातात. म्हणून दलालाची गाडी अंगणात शिरली तेव्हा ओर्शोयाने ढवळणं सोडलं नाही, नुसती मान वळवली. गाडीत दारूचं पिंप होतं, टोपीत खोवायच्या लाल पिसांचा गठ्ठा होता, आणि त्याखाली, पोत्याने अर्धवट झाकलेले, शिसं भरलेले सोटे होते. निवडणूक आली होती.

कान्याश गावात सगळेच सनदी. कुठल्याशा राजाने कुठल्याशा लढाईनंतर त्यांच्या पूर्वजांना सनदा दिल्या. जमिनी द्यायच्या तेवढ्या राहून गेल्या. सनद असलेला प्रत्येक पुरुष जिल्हासभेचा सभासद, मग पायात जोडा असो वा नसो. पलीकडच्या शहरातला डॉक्टर सभासद नव्हता, कारण त्याच्याकडे सनद नव्हती, नुसतं शिक्षण होतं. सनदवाल्याला कर माफ. कर भरायचा तो कुळांनी, आणि कुळांना मत नव्हतं. मतही दिलं असतं तर भरायला कोण उरलं असतं?

दर तीन वर्षांनी ही सभा जिल्ह्याचा कारभारी निवडायची. या खेपेला उभे होते बोरझाशी आणि तोरदाय. तोरदायचं डोकं फिरलं होतं असं सगळे म्हणत. सनदवाल्यांनीही थोडा कर भरावा आणि नदीवर पूल बांधावा, असं तो उघडउघड बोलत होता. बोरझाशी काहीच बोलत नव्हता. तो जेवायला घालत होता.

"काय वहिनी, मुरंबा वाटतं?" बोरझाशीचा दलाल गेदेऑन गाडीतून उतरला. "आमचे सरदार कुठे आहेत?"

"सरदार गोठ्यात शेण काढताहेत."

बोल्दिझार हात पुसत आला. नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहूनच ओर्शोयाने ओळखलं, गुत्त्यावर याने काहीतरी कबूल केलंय.

"दोन मतं बोललायस तू," गेदेऑन त्याच्या टोपीत लाल पीस खोवत म्हणाला. "तुझं आणि बाबांचं."

"बाबांना उठवत नाही. वसंतापासून अर्धं अंग गेलंय."

"उठायला कोण सांगतंय? खाटेसकट नेऊ. मागच्या वेळी एका आंधळ्याला नेलं होतं. परत येताना म्हणाला, सभा फार सुंदर दिसली."

आतल्या खोलीतून आवाज आला. बारीक होता, पण शब्द ठाम होते. "येतो मी. न्या. पण नाव माझ्या तोंडाने घेणार. तोरदाय."

मुरंब्यावर एक बुडबुडा फुटला. आबेल म्हाताऱ्याची, तिच्या सासऱ्याची, बायको याच नदीच्या काठावर वारली होती. पाणी चढलेलं, होडी बंद, आणि डॉक्टर पैलतीरावर कंदील हलवत उभा. तेव्हा पुलाविरुद्ध सगळ्यात मोठ्याने ओरडलेला माणूस आबेलच होता. सनदवाल्याने कर भरायचा म्हणजे काय! त्यानंतर तो कुठल्याच सभेत ओरडला नाही.

गेदेऑन हसला. अंगणापलीकडे बघत बोल्दिझारला म्हणाला, "गंजी सुरेख रचलीयस रे. छान वाळलीये." एवढंच बोलून तो शेजारच्या अंगणाकडे वळला.

ओर्शोयाने मुरंबा अर्धाकच्चाच उतरवला आणि शाल घेतली. "मामंजींना पाणी पाजायला मी येणार," ती म्हणाली. सभेला बायका नेत नसत. गेदेऑनने क्षणभर विचार केला. "या. मताची निगा राखायला कुणीतरी हवंच."

शहरात बोरझाशीच्या वाडीला उंच भिंत होती. मतदार आत घेतले की फाटकाला कुलूप, नाहीतर पलीकडचे पळवून न्यायचे. आत कढया चढलेल्या, बैल कापलेला, पिंपं उघडी. जिल्ह्याचे सभासद जिथे जागा मिळेल तिथे आडवे पडून राज्यघटनेचं रक्षण करत होते. बोल्दिझार पहिल्याच संध्याकाळी त्यांच्यात दिसेनासा झाला. भिंतीपलीकडून तोरदायच्या माणसांची गाणी यायची, आणि ती आली की इकडचे सोट्यांनी जमिनीवर ठोके द्यायचे. एका तालात. ओर्शोयाला ते ठोके खाटेच्या पायांतून जाणवायचे.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा श्वास घरघरायला लागला. ती फाटकाकडे धावली.

"डॉक्टर हवा. सासरे फार आजारी आहेत."

पहारेकऱ्याने मान हलवली. "डॉक्टर तोरदायचा माणूस आहे. आत घेता येणार नाही."

"मग आम्हाला बाहेर सोड."

"जिवंत मत बाहेर सोडायचं नाही, असा हुकूम आहे."

"आणि मेलं तर?"

पहारेकरी भला माणूस होता. तो खरोखर विचारात पडला. "ते विचारलं नाही मी. थांबा, विचारून येतो."

तो परत आलाच नाही. ओर्शोया खाटेपाशी आली तेव्हा आबेलने तिचा हात धरला. "सूनबाई, सभा सुरू झाली का?"

"नाही अजून, मामंजी."

"झाली की मला सांग हं. मी लगेच बोलतो."

पहाटे त्याचा हात गार पडला.

तिने बोल्दिझारला कढयांमागून शोधून काढलं आणि तोंडावर पाणी मारलं. बापाकडे बघून तो खाटेशेजारी खाली बसला. रडला नाही. दारूच्या नशेत माणूस सहज रडतो. याची नशा उतरली असावी.

गेदेऑन आला, वाकला, म्हाताऱ्याच्या नाकाशी बोट धरलं आणि आजूबाजूला नजर टाकली. "आत्ता बोलू नका. रडायचं ते उद्या. टोपी घाला त्यांना. पांघरूण गळ्यापर्यंत ओढा." जरा थांबून त्याने लाल पीसही सरळ केलं. "हवा थंड आहे. दुपारपर्यंत काही होत नाही."

"गेदेऑन, बाप आहे रे माझा!"

"म्हणून तर तू बोलायचंस त्यांच्या वतीने. मुलासारखा मुलगा असताना दुसरं कोण बोलेल?" त्याच्यामागे सोटे घेतलेली माणसं उभी होती. त्यातला एकजण बोल्दिझारचा चुलतभाऊ होता. तो नजर देत नव्हता.

आरोळ्यांनी निकाल लागत असे, पण या खेपेला दोन्ही बाजूंच्या आरोळ्या सारख्याच भरल्या. तेव्हा ठरलं, एकेकाने जिल्हाकचेरीच्या अंगणातल्या मेजापाशी येऊन नाव सांगायचं. मेजाच्या दोन्ही अंगांना बोरझाशीच्या सोटेवाल्यांच्या भिंती. मधल्या बोळातून चारजणांनी खाट आणली. ओर्शोया पांघरुणाची कड धरून चालत होती, कारण वाऱ्याने ती उडत होती.

"चेपे आबेल, कान्याश," कारकुनाने पुकारलं. त्याने खाटेकडे पाहिलं, मग पटकन कागदाकडे.

"आजारी आहेत," गेदेऑन म्हणाला. "आवाज फुटत नाही. मुलगा सांगेल."

"हे आजारी नाहीत साहेब," ओर्शोया म्हणाली. "वारलेत. पहाटेच."

"बाई, इथे बायकांना बोलायचा अधिकार नाही."

"मेलेल्यांना आहे?"

कारकुनाने टाक कानामागे खोवला. त्याने नियम आठवून पाहिले. "त्याबद्दल कुठे काही म्हटलेलं नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. मग बोल्दिझारकडे वळला. "बोला. वडिलांचं मत कुणाला?"

ठोके सुरू झाले. हळू, एका तालात. गेदेऑनने बोल्दिझारच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेने ठेवावा तसा.

ओर्शोयाने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली. त्याला मनातलं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. जे काय बोलायचा ते दुसऱ्याच्या पेल्यातून बोलायचा.

बोल्दिझारने बापाच्या डोक्यावरची टोपी काढली आणि पांघरूण वर, चेहऱ्यावरून, ओढलं.

"बाबांचं मत नाही," तो म्हणाला. "ते वारले. जिवंत असताना त्यांना बोलायचं होतं, तेव्हा आम्ही कोंडून घातलं. आता त्यांच्या तोंडी कुणाचंच नाव घालू नका. तोरदायचंसुद्धा." तो कारकुनाकडे वळला. "माझं मत लिहा. चेपे बोल्दिझार. तोरदाय."

ठोके बंद पडले. कारकुनाने कानामागचा टाक काढला.

"नीट ऐकू नाही आलं," गेदेऑन म्हणाला. खांद्यावरच्या हाताची बोटं आत रुतली होती.

"तोरदाय."

खाट उचलणारे चौघे कधीच मागे सरकले होते. बोल्दिझारने डोक्याकडची बाजू धरली, ओर्शोयाने पायांकडची. म्हातारा हलका होता. बोळातले सोटे वर गेले आणि वरच राहिले. प्रेताला वाट द्यायची रीत त्या जिल्ह्याने अजून मोडली नव्हती. जिवंताला वाट द्यायची रीत कधी नव्हतीच. त्यांना परत याच रस्त्याने गावी जायचं होतं, आणि गंजी वाळलेली होती. दोघांनाही ते ठाऊक होतं.

कचेरीच्या फाटकातून बाहेर पडताना मागे कारकुनाचा आवाज आला, "पुढचा. चेपे मार्तोन, कान्याश." तो चुलतभाऊ. ओर्शोयाचे पाय आपोआप थांबले. बोरझाशीचं नाव निघालं की अंगणात गर्जना उठायची, सकाळपासून तेच चाललं होतं.

तिने कान टवकारले. मार्तोन काहीतरी बोलला.

गर्जना उठली नाही.