शिल्लक एकोणीस दिवस

बद्रीनाथांनी सुशीलाबाईंच्या कॉन्टॅक्ट लेन्सेस अखेर कचऱ्यात टाकल्या. ओल्या की सुक्या, यात अर्धा तास गेला, शेवटी सुक्यात. पण हे घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ. बद्रीनाथही तसंच धरून चालले होते.

तर, मंगळवारी संध्याकाळी सहाला त्यांनी साबणाने हात धुतले, धागे न सुटणाऱ्या रुमालाला पुसले, लेन्सच्या डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून दिलं आणि आजचं भरायला बाटली दाबली. बाटलीतून नुसती हवा आली. सुशीलाबाईंना जाऊन अडीच महिने झाले होते आणि एकही दिवस चुकला नव्हता.

हे काम पहिल्यापासून त्यांचंच. बाईंचा नंबर वजा नऊ. लेन्स काढल्यावर डबी सोडा, टेबलही सापडायचं नाही. मुलीच्या, उत्कर्षाच्या लग्नात फोटोत चष्मा नको म्हणून लेन्स घेतल्या. दुकानात आठदा डोळ्यातून पाणी आलं, नवव्यांदा लेन्स बसल्या. बाईंनी मान वर केली आणि नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, तुम्ही केवढे मोठे दिसता!"

जाड चष्म्यातून सगळं लहान दिसतं, असं दुकानातल्या कादंबरी नावाच्या मुलीने समजावलं.

"एकतीस वर्षं," सुशीलाबाई म्हणाल्या, "मले वाटे माणूसच लहान हाय."

अमरावतीहून पुण्याला येऊन तीस वर्षं झाली तरी आनंदात त्यांची बोली परत वऱ्हाडात जायची. त्यानंतर रोज सकाळी लेन्स घातल्या की त्या एकदा नवऱ्याकडे नीट बघून घ्यायच्या. बद्रीनाथ वर्तमानपत्र खाली धरून बसायचे. वाचत आहोत असं दाखवत.

तर, बद्रीनाथ बाटली घ्यायला कर्वेनगरातल्या त्याच दुकानात गेले.

"काका, काकूंचं चेकअप राहिलंय," कादंबरी म्हणाली. "आणि ही जोडी कधी उघडलीत? मंथली आहे ना?"

"अकराच दिवस वापरलीये. एकोणीस शिल्लक आहेत."

"उघडली कधी ते विचारतेय."

"तीन महिने होत आले."

"मग फेका! पाकीट उघडलं की तीस दिवस. घाला, नका घालू."

बद्रीनाथांनी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत रजेची नोंदवही सांभाळली होती. न घेतलेली रजा पुढे ओढली जाते, एवढ्या एका तत्त्वावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

"न वापरलेले दिवस असे बुडतात का कुठे?"

"काका, उघडं दूध नासलं तर 'मी प्यायलोच नाही' म्हणून ते चालतं का? इन्फेक्शन होईल काकूंना."

"नाही व्हायचं." बद्रीनाथांनी काउंटरवरची बाटली सरळ केली. "बाराव्या दिवशी सकाळी त्या उठल्याच नाहीत. लेन्स काढून झोपल्या होत्या हो. नियमाप्रमाणे."

कादंबरीने हातातली पावती पुस्तकाखाली सरकवली. मग बाटली उचलून फडताळात परत ठेवली.

"मोठी बाटली नाही देणार मी तुम्हाला," ती म्हणाली. तिने खणातून अंगठ्याएवढी नमुन्याची बाटली काढली. "ही घ्या. लेन्स टाका. बेसिनमध्ये नाही, कचऱ्यात. आणि डबी धुऊन, उघडी, पालथी वाळवा."

"पाण्याने धुवायची?"

"पाणी नाही लावायचं, काका! या सोल्यूशननेच."

"माहितीये. तुम्हाला माहितीये का ते बघत होतो."

बुधवारी सकाळी जे घडलं नाही, ते घडलं. संध्याकाळी सहाला बद्रीनाथांनी साबणाने हात धुतले, रुमालाला पुसले आणि डबी टिश्यूवर पालथी घातली. मग सव्वासहाला काही कामच उरलं नाही. त्यांनी एक फुलस्केप कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि लिहिलं:

'प्रति, मा. सक्षम प्राधिकारी. विषय: शिल्लक दिवस पुढे ओढण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराच्या पत्नीचे एकोणीस दिवस विनावापर शिल्लक आहेत. तरी सदर दिवस पुढे ओढून, त्या कालावधीत रोज सकाळी एकदा अर्जदारास पूर्ण आकारात पाहण्याची त्यांना परवानगी द्यावी. एकोणीस शक्य नसल्यास एक दिवसही चालेल. अर्जदार वर्तमानपत्र खाली धरून बसेल.'