दानम्माच्या ताटातली चटणी

मित्रांनो, लातूरच्या एका घरात ओट्याखाली बसलेला जुना लोखंडी खलबत्ता मी. ओताऱ्याच्या भट्टीतून निघालो तेव्हा असा काळाकुळकुळीत होतो, की बाजारात सगळ्यांना सोडून मल्लम्मानं मलाच उचललं. निलंग्याजवळच्या तिच्या घरी लसूण, तिखट, भाजलेले शेंगदाणे रोज माझ्या पोटात पडायचे. चटणीला तेल सुटलं की शेजारीपाजारी वाटी घेऊन हजर. माझा नुसता थाट होता!

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. मल्लम्माची सून दानम्मा उन्हातान्हात खडी फोडायला जाऊ लागली. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी असायची. थोडीफार डाळ शिजली तर ती पुरुषांच्या आणि लेकरांच्या ताटात जाई. सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या दानम्माला कोरडी भाकरी आणि कधीमधी चिमूटभर चटणी उरायची.

हळूहळू तिच्या हातांची, मानेची कातडी काळी पडून सोलू लागली. जीभ लालभडक झाली, जुलाब थांबेनात. महारोग आहे, अशी गावात कुजबुज झाली. घाबरलेल्या मल्लम्मानं तान्ही नात रुद्राणी आईपासून तोडली आणि सुनेला गोठ्यात निजवलं. वर पथ्य म्हणून चटणीही बंद केली. शेंगदाणे उष्ण, अंगावर आणखी उठेल, असं तिचं म्हणणं. पोर ओसरीवर रडायची, आई गोठ्यात रडायची. मला मल्लम्माचा असा राग यायचा! पण लोखंडाला तोंड कुठलं?

एकदा खडीच्या कामावर तपासणीला आलेले डॉक्टर दानम्माच्या आजाराचं ऐकून, तिची चौकशी करत घरी आले. त्यांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले.

"आजी, हा महारोग नाही. याला पेलाग्रा म्हणतात. नुसत्या ज्वारीवर राहिल्यानं हिच्या अंगात 'ब' जीवनसत्त्व कमी पडलंय. गोळ्या देतो. पण डाळ, शेंगदाणे, पालेभाजी रोज पाहिजे. हे जीवनसत्त्व अंगात फार साठून राहत नाही. आणि लेकरू आईजवळ द्या, हे कुणाला लागत नाही."

"शेंगदाणे?" मल्लम्मा म्हणाली. "ते तर मीच बंद केलं की वो!"

मग पेरणीसाठी राखलेल्या शेंगांचं मडकं तिनं खाली उतरवलं.

"आई, बियाणं हाय ते!" तिचा लेक वीरण्णा ओरडला.

"आन् पेरायला मानूस नको का रं?"

त्या दिवशी तिनं इतक्या जोरानं कुटलं, की माझी हाडं खिळखिळी झाली. रडत होती, कुटत होती. चटणी तिनं स्वतः सुनेला भरवली आणि रुद्राणीला तिच्या मांडीवर ठेवलं. दानम्मानं लेकीला छातीशी धरलं, तेव्हा माझ्यासारख्या लोखंडालाही भरून आलं.

गोळ्यांनी आणि रोजच्या सकस घासांनी दानम्मा बरी झाली. पुढे लातूर जिल्हा झाला, वीरण्णानं इथं दुकान टाकलं, मीही पोत्यात बसून आलो. मल्लम्मा होती तोवर सासू-सून एकाच वेळी जेवायला बसायच्या. आता मिक्सर आला आहे आणि माझ्या पोटात धूळ साठते. माझी तक्रार नाही. पुढे मला घासूनपुसून जपणारे दानम्माचे हात वाचले, हे त्या डॉक्टरांचे आणि मल्लम्माचे उपकार मी विसरत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. आज जेवताना तेवढं आपल्या आईच्या ताटाकडे बघा. त्यात डाळ नसेल, तर आपल्या वाटीतली तिला वाढा.