चुकलेला जिल्हा

गिरिजाबाईचं बालवाडीचं काम गेलं ते आमच्या मामांच्या एका कागदानं. मामा म्हणजे माझे सासरे, रखमाजी. केदारखेड्याच्या अलीकडं आमचं गाव, आणि मामा गावचे सरपंच.

एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये गिरिजाबाई पंधरा दिवस ट्रेनिंगला गेल्ती. ती बौद्धवाड्यातली आणि वर सातवी शिकलेली. या दोन्ही गोष्टी एकाच बाईत असल्या की गावाला तिचा संशय लवकर येतो. मामा त्याच सुमारास औरंगाबादला गेले होते. तिथं ट्रेनिंगची यादी लावलेली होती. तिच्यात गिरिजाबाईचं नाव त्यांनी वरून खाली आणि खालून वर शोधलं. नव्हतंच. घरी आल्या आल्या त्यांनी भोकरदनच्या ऑफिसला लिहिलं, 'सदर सेविका ट्रेनिंगच्या नावाखाली माहेरी गेली होती.' झालं. गिरिजाबाई लोकांच्या शेतात रोजानं जायला लागली, आणि बालवाडीच्या दाराला कुलूप लागलं.

मामा तसे वाईट नव्हते. हे सून म्हणून लिहीत नाही. सुना असलं सहसा लिहीत नाहीत.

त्यांना नाद एकच, रेडिओचा. दिवेलागणीला ओट्यावर बसून लंडनच्या हिंदी बातम्या ऐकायचे. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं ती हिंदी त्यांना बराबर कळायची. इंग्रजांचं त्यांना भारी कौतुक. "त्यांच्या प्रधानमंत्री बाईला आठवड्यातून दोनदा भर सभेत उभं राहून उत्तरं द्यावी लागतात. कोणीबी विचारो," ते सांगायचे.

"मंग भाकरी कवा थापती ती?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपासून विचारायच्या.

मला मात्र ते ऐकायला आवडायचं. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर आणि त्या रेडिओवर शिकले. पैसा सरकारचा, आणि तरी सरकार कुठं चुकलं ते सांगणारा रेडिओ असू शकतो, हे मला नवल वाटायचं.

पावसाळा सरता सरता मामांनी लंडनला पत्र टाकलं. सांगणारे ते, लिहिणारी मी. 'तुमच्याकडे बसस्टँडवर लोक खरोखर रांगेत उभे राहतात काय?' दीड महिन्यानं ते पत्र रेडिओवर वाचलं गेलं. निवेदक म्हणाला, हो, एकटा माणूस असला तरी तो रांग लावूनच उभा राहतो. ओट्यावर बसलेले सगळे हसले. मामा हसले नाहीत, कारण निवेदकानं म्हटलं होतं, 'औरंगाबाद ज़िले से रखमाजी साहब'.

"यंदा एक मेपासून आपला जिल्हा जालना हाय," मामा म्हणाले. "साऱ्या जगाला चुकीचं सांगितलं." त्या दिवशी ते अर्धीच भाकरी खाऊन उठले. सकाळी माझ्याकडून दुसरं पत्र लिहून घेतलं. चूक दुरुस्त करावी, ही विनंती.

त्याचं उत्तर यायच्या आधी गिरिजाबाई आली. दिवाळी होऊन गेली होती. अंगणात उभी राहून तिनं पिशवीतून एक कागद काढला.

"आबा, सर्टिफिकेट आलं माझं टपालानं. बघा."

मामांनी चष्मा लावला. मी दारातून बघत होते. शिक्क्यावर त्यांचं बोट थांबलं.

"ठिकाण जालना?"

"मंग कुठं? आपला तालुका जालन्यात गेला न. आमचं नाव औरंगाबादच्या यादीत कशाला ठेवतेत?"

मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जो माणूस लंडनला जिल्हा शिकवायला निघाला होता, त्यानं स्वतः जुन्या जिल्ह्याच्या यादीत नाव शोधलं होतं.

"ठेव इथं. बघू."

"ठेवत न्हाई. दाखवायला आणलंय," गिरिजाबाई म्हणाली. "भोकरदनचे साहेब म्हणले, सरपंचानं लेखी द्यावं की आमची चूक झाली. जानेवारी संपायच्या आत. न्हाई दिलं तर दुसरी बाई नेमतेत."

ती गेली. मामांचं 'बघू' मात्र महिना दीड महिना घरातच बसून राहिलं. तातेराव, पंचायतीतला त्यांचा उजवा हात, रोज येऊन समजूत घालायचा. "आबा, एकदा सरपंचानं चूक लिहून दिली, की लोक उद्या हरेक कागदावर बोट ठेवतेत. तिला शाळेत पाणी भरायला लावून देऊ. जल्दी मिटंल." मामा हो म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत.

संक्रांतीच्या सुमारास रेडिओवर तो निवेदक पुन्हा बोलला. शब्द मला अजून पाठ आहेत. 'रखमाजी साहब का गाँव हमने औरंगाबाद ज़िले में बताया था। वह ग़लत था। ग़लती हमारी थी। हमें खेद है, और उनका शुक्रिया।'

मामा उठून उभेच राहिले. "बघा. अर्ध्या जगावर राज्य केलेली माणसं, अन् आपल्यासारख्याची माफी मागून राह्यली. उगंच मोठे न्हाई झाले."

"राज्य घेतलं त्याची न्हाई मागितली," आत्याबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. "जिल्हा चुकला त्याची मागितली."

"लहान चुकीपासून तर सुरुवात होती."

"मंग तुम्ही कवा करता सुरुवात?"

मामांनी रेडिओ बंद केला. बातम्या अजून संपल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कागद घेऊन बोलावलं. सांगायला लागले, "यादीच्या छाननीत तफावत आढळल्याने व त्यातून गैरसमज निर्माण झाल्याने..."

मी पेन खाली ठेवलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण मामांना मी उलट कधी बोलले नव्हते.

"मामा, लंडनवाले असं न्हाई म्हणले."

"काय म्हणले ते?"

"'ते चुकीचं होतं. चूक आमची होती.' एवढंच."

"लई थोडं वाटतं."

"थोडं हाय ते बरं. कागदबी वाचंल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावतील असं वाटलं. पण ते म्हणाले, "लिही."

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. पुरुष पुढं सतरंजीवर, बाया मागं मातीत. मामा कागद घेऊन उभे राहिले तेव्हा तातेरावानं त्यांच्या सदऱ्याला हळूच ओढ दिली. मामांनी सदरा सोडवून घेतला.

"गिरिजाबाई जालन्याला ट्रेनिंगला गेल्ती. मी औरंगाबादची यादी पाहिली. मी लिहिलं ते चुकीचं होतं. चूक माझी होती. मला खेद आहे."

आवाज इतका खाली की पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं असेल. कोणाला काय करावं समजेना. सरपंचानं माफी मागितली तर टाळी वाजवायची की मान खाली घालायची, हे गावात कोणी शिकवलेलं नव्हतं. तातेराव घाईनं म्हणाला, "बरं, पुढचा विषय, नळयोजना."

मागून गिरिजाबाई उठली.

"आबा, इकडं बायांना ऐकू आलं न्हाई. पुन्हा वाचा."

"अगं, कागद मिळून राह्यला न तुला," तातेराव म्हणाला. "आणखी काय पाहिजे?"

"कागद साहेबाला. सहा महिने पाणवठ्यावर मला 'काय गं, माहेरची ट्रेनिंग बरी झाली का' म्हणून कोण विचारत होतं? ह्याच बसल्यात इथं. त्यांना ऐकू द्या."

बायांमध्ये एकदोन पदर तोंडावर गेले. त्यातला एक माझाही होता. हसले होते मीही तेव्हा.

 मामा सतरंजीच्या कडेकडेनं, पुरुषांना पाठमोरे होत, मागं चालत आले आणि आमच्यासमोर मातीत उभे राहिले. पहिल्यापासून वाचलं, सावकाश, मोठ्यानं. गिरिजाबाई खाली बसली नाही, ऐकत उभी राहिली. आणि 'चूक माझी होती' म्हणताना या खेपेला मामांनी कागदाकडं बघितलं नाही.