चंद्र डसला

साल १९६७. माणूस चंद्रावर उतरायला अजून दोन वर्षं होती. त्या दिवेलागणीला भूगोलाच्या बाईंनी शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावली आणि अख्खा मोहल्ला रांगेत उभा राहिला. जिन्याच्या तोंडाशी मोहल्ल्यातले मांत्रिक चंद्रबाबा ठाण मांडून बसले होते आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते.

"बघितलास चंद्र? आता भिंतीकडे बघ. काळा डाग दिसतो?"

"दिसतो," शिंपीणबाईंची धाकटी म्हणाली.

"चंद्र डसला. पौर्णिमा काढायची नाही ही."

मागच्याने बघितलं, त्यालाही डाग. त्याच्या मागचीलाही. जिन्यावर रेटारेटी झाली. डाग आपोआप जातो, असं बाई जीव तोडून सांगत होत्या, पण ऐकतो कोण?

बाबांचा उतारा सोपा होता: पौर्णिमेपर्यंत आठ दिवस अंधारी खोली, नुसतं पाणी. तीन घरांत मुलं कोंडली गेली. शिंपीणबाईंनीही धाकटीला आत घालून कडी लावली.

तिसऱ्या दिवशी धाकटीच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. खोलीत उजेड तेवढा झरोक्याचा. ती त्याच्याकडे टक लावून पडली, मग भिंतीकडे वळली. भिंतीवर काळा झरोका, गजांसकट. आता झरोकाही डसला?

पण झरोक्याला दात कुठले? तिने तळहाताने अर्धा झरोका झाकून पुन्हा बघितलं. डागही अर्धाच.

"आई, आत ये. झरोक्याकडे बघ, शंभर मोजेपर्यंत."

"गप पड गं बये."

"बघ तर."

आईने बघितलं, मग भिंतीकडे वळली.

"मलाही डसला म्हणायचा."

"मग तूही कोंडून घे. गिऱ्हाइकांचे कपडे चंद्रबाबा शिवतील."

आई हसता हसता रडली. आधी दूध पाजलं, मग दिवेलागणीला पोरीला कडेवर घेऊन शाळेच्या गच्चीवर गेली, मोहल्ला गोळा केला आणि सगळ्यांना दिव्याकडे टक लावून बघायला लावलं. सगळ्यांनाच डाग दिसला.

"दिव्यातही चंद्राचा अंश असतो," बाबा म्हणाले.

"तुमच्या विडीतही असेल," कोणीतरी म्हणालं.

बाईंनी समजावलं: उजेडाकडे टक लावली की डोळ्याचा तेवढा भाग थकतो, म्हणून तिथे काळं दिसतं. थोड्या वेळाने आपोआप जातं.

बाबा त्याच रात्री पसार झाले. पुढे कुठेतरी पाऊस पाडू लागले म्हणे. बाई त्याच शाळेतून निवृत्त झाल्या. शिंपीणबाईंनी म्हातारपणी मोतीबिंदू काढून घेतला, तो कोणा बाबाला न विचारता. धाकटी विज्ञान शिकवू लागली. कोंडलेल्यांपैकी दुसऱ्या घरची मुलगी गच्चीवरच्या त्या संध्याकाळीच सुटली होती. तिसऱ्या घरच्यांनी मात्र कोणाचं ऐकलं नाही. त्यांचा मुलगा आठ दिवस भरून बाहेर आला, पण पुन्हा कधी धड उभा राहिला नाही.

भीती कोणालाही वाटते. पण घाबरून लेकराला उपाशी ठेवण्याआधी आपण स्वतः एकदा पडताळून बघावं.