घरचं काही दिलं होतं का?

भटूने आयुष्यात एकदाच कुणाशी मोठ्या आवाजात भांडण केलं, आणि तेही मायसाठी. एरवी हा माणूस म्हणजे गरीब गाय. लूमच्या खात्यावर, म्हणजे कारखान्यात, सुपरवायझर झाला तरी कारागिरांना 'जरा बघा ना भाऊ' म्हणणारा. पण त्या दिवशी तो तडक 'सायंछाया' वृद्धाश्रमाच्या ऑफिसात शिरला, टेबलावर हात आपटला आणि तिथल्या हर्षदाबेनना विचारलं, माझी माय ॲम्ब्युलन्समध्ये घालून दवाखान्यात पोचवली आणि मला ते शेजाऱ्याच्या फोनवरून कळावं? एक फोन करायला तुमच्या हाताला काय लकवा झाला होता?

लकवा झाला होता तो सुभद्राबाईला, त्याच्या मायला. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या एका खोलीत तिला उचलायला दोन माणसं लागायची. कविता, भटूची बायको, एका हाताने साड्यांना लेस लावायची आणि दुसऱ्या हाताने सासूचं करायची. शेवटी तिचीच कंबर धरली. मग समाजाच्या ट्रस्टने चलथाणच्या रस्त्यावर चालवलेल्या 'सायंछाया'त मायला ठेवलं. गल्लीतली माणसं बोलायची ती बोललीच. पोराने मायला बाहेर टाकलं म्हणे. अरे, तुम्ही या ना एक दिवस उचलायला! पण भटू कुणाला उलटून बोलला नाही, ऐकून घेतलं.

तिथे मायचं बरं चाललं होतं, पण दोनदा ती फुकटच दवाखान्यात गेली. पहिल्या वेळी सांभाळणाऱ्या पूजाने हिंदीत विचारलं, बा, छातीत दुखतंय का? मायने मान डोलावली. आता सुभद्राबाईची रीत अशी, की परका माणूस हिंदी-गुजरातीत प्रेमाने काही विचारेल तर 'हो' म्हणायचं, नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटतं. तुम्ही तिला 'तुमच्याकडे हत्ती आहे का' असं विचारलं असतं तरी तिने मान डोलावली असती. दुसऱ्या वेळी डावा हात गार आणि काळानिळा दिसला म्हणून नेलं. तो हात लकव्यापासून तसाच होता. घरच्या कुणीही सांगितलं असतं, पण विचारलं कुणी?

दवाखान्यात ती सलाईन ओढायची म्हणून तिचे हात पट्टीने कॉटला बांधले. परत आली ती पाठीवर जखमा घेऊन, आणि किती दिवस बोललीच नाही. मग एके दिवशी भटू केस विंचरत असताना म्हणाली, "भटू, माले परत तठे धाडू नको. मरसू ते आठेच मरसू."

पुन्हा दवाखान्यात धाडणार नाही, असा भटूने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. म्हणून ते टेबलावर हात आपटणं.

हर्षदाबेन नाशिककडच्या. बरीच वर्षं नर्स होत्या, आता इथलं सगळं त्याच बघायच्या. त्यांनी भांडण वाढवलं नाही. भटूला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, भटूभाऊ, तुमचं खरं आहे. आम्ही घाबरतो आणि गाडी बोलावतो, म्हातारी माणसं तिथे जाऊन अर्धी होऊन येतात. त्या दिवसापासून त्यांनी नवी पद्धत पाडली. कुणाला बरं वाटेनासं झालं, की आधी घरी फोन. हे यांचं नेहमीचं आहे का, काय बदललं, काय खाल्लं, ते विचारायचं. मग आपल्या फिरत्या डॉक्टरांना बोलवायचं, आणि जमेल तो इलाज इथेच. भटूने मायचं सगळं सांगून टाकलं, गार हातापासून हिंदीतल्या होकारापर्यंत. पूजा चांगली पोरगी, तिने चार शब्द अहिराणीही उचलले. दिवाळी गेली, उन्हाळा गेला, दोनदा ताप आला आणि मायने तो स्वतःच्या कॉटवर काढला. बाकीच्या म्हाताऱ्यांचीही दवाखान्यातली ये-जा थांबली. भटूला वाटे, आपण जन्मात एक तरी काम धड केलं.

आणि मग श्रावण आला, कानबाई आली.

गोडादऱ्यात खानदेशची ही देवी बसते तेव्हा सुरत सुरत राहत नाही, धुळे-अमळनेर होऊन जाते. गल्लीगल्लीत मांडव, गाणी, गंगाफळाची भाजी, खीर आणि रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड गव्हाच्या पोळ्या. भटूच्या घराण्यात रोटाचं सोवळं कडक. दळण घरातल्या पुरुषांच्या नावाने, रोट खायचा तो घरच्यांनी आणि भाऊबंदांनी, पौर्णिमेच्या आत संपवायचा, आणि परक्याच्या हाताला लागू द्यायचा नाही. कुणाला दाखवायचाही नाही. हे सगळं कडकपणे पाळून घेणारी कोण, तर सुभद्राबाई. आदल्या वर्षी ती त्या दवाखान्यात होती, तिला रोट मिळाला नव्हता. यंदा भटू भेटायला गेला तर तिने पहिलं तेच विचारलं, "माले रोट लयना का?"

अडचण एकच होती, पण मोठी होती. लकव्याने तिचं गिळणं बिघडलं होतं. तिचं सगळं अन्न 'सायंछाया'च्या स्वयंपाकघरात मिक्सरमधून काढून, दाट करून, तिला सरळ बसवून चमच्याने द्यायचे. पाणीसुद्धा पावडर घालून दाट केलेलं. घरून काही आणलं तर ते आधी पूजाच्या हातात द्यायचं, असा नियम भिंतीवर तीन भाषांत लावलेला. पण रोट पूजाच्या हातात द्यायचा कसा? ती परकी. आणि मिक्सर तर सगळ्यांचा, त्यात काय काय वाटलेलं!

कविता म्हणाली, हर्षदाबेनना नुसतं विचारा तरी. भटू म्हणाला, त्यांना काय कळणार आपल्या कानबाईचं, उगाच नाही म्हणतील. ती म्हणाली, मग ओठाला लावा आणि परत आणा, देवी समजून घेईल. पण देवीपेक्षा माय समजून घेणार नव्हती, हे भटूला ठाऊक होतं.

दुपारी सगळे आडवे झाले असताना त्याने डब्यातला रोट दुधात कुस्करला. बोटांनी अगदी बारीक केला, आपल्या समजुतीने. खोलीचा पडदा ओढला आणि तिला भरवला. सुभद्राबाईने डोळे मिटून एकेक घास घेतला. एकदा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, मग तीच हसली आणि तिने पुन्हा तोंड उघडलं. मायच्या चेहऱ्यावर एवढं सुख त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. वाटी विसळून ते पाणी तो स्वतः प्यायला, कण बाहेर जायला नको म्हणून. घरी परतताना तो बसमध्ये एकटाच गुणगुणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यावर असताना फोन आला. लूमच्या खडखडाटात ऐकू येईना म्हणून तो जिन्यात गेला. हर्षदाबेन नेहमीसारख्या शांतपणे विचारत होत्या. आईंना ताप आहे, श्वासाला थोडी घरघर आहे, याआधी कधी असं झालं होतं का? नाही. काल तुम्ही आलात तेव्हा कशा होत्या? चांगल्या होत्या.

"घरचं काही दिलं होतं का, भटूभाऊ? खायला?"

झालं! एवढ्याशा प्रश्नाला एवढंसं उत्तर. पण भटूच्या डोक्यात एकाच वेळी सगळं दाटलं. रोटाचं बाहेर बोलायचं नसतं. नियम मोडला म्हणून मायला इथून काढतील. आणि सगळ्यात वर हे, की घशात अडकलं म्हटलं की लगेच गाडी बोलावतील, तिला त्याच दवाखान्यात नेऊन बांधतील. मायला वाचवायला म्हणूनच तो म्हणाला, "नाही."

वेड्या, अरे ज्या फोनसाठी तू टेबल बडवलंस तोच फोन होता ना हा!

उत्तर 'नाही' असं मिळालं, म्हणून फिरत्या डॉक्टरांनी सुरतेच्या श्रावणात कुणीही काढील तोच अर्थ काढला. मलेरियाचे दिवस, घरोघर ताप. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, तापाचं औषध दिलं, आराम करू द्या म्हणाले. पूजाने तिला आडवं निजवलं. संध्याकाळी हर्षदाबेनचा पुन्हा फोन आला. घरघर वाढली होती. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी जरा अजिजीने. आता खरं सांगायचं म्हणजे सकाळचं खोटं कबूल करायचं. कविता समोर उभी राहून हाताने खुणा करत होती, सांगा, सांगा. भटूने तिच्याकडे पाठ फिरवली आणि पुन्हा नाही म्हणाला.

कविता त्या दिवशी त्याच्याशी एकच वाक्य बोलली, "कानबाई पोराच्या तोंडून खोटं कशाला वदवेल हो?"

सकाळी सुभद्राबाईचे ओठ निळे पडले. आता विचारायला वेळच नव्हता, गाडी आली. तोच दवाखाना, तोच मजला. डॉक्टरांनी घशात नळी घालून साफ केलं तर गव्हाचे कण निघाले. छातीत गेलंय, म्हणाले, काल कळलं असतं तर जागच्या जागी औषध सुरू करता आलं असतं, कदाचित इथवर आणावंही लागलं नसतं. आता शरीर साथ देत नाही. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तो ती उजव्या हाताने ओढायची. म्हणून हात बांधला. मग गार पडलेला डावाही बांधला, जो तिला हलवताच येत नव्हता. भटू आत गेला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं. नुसती बघत राहिली, आणि भटूला ते बघणं सोसवेना, तो बाहेर आला.

बाहेर बाकावर पूजा रडत बसली होती. ट्रस्टचे लोक तिला विचारत होते, तू घाईत काय भरवलंस, मिक्सरमधून नीट काढलं नव्हतंस का? ती शपथा घेत होती. हर्षदाबेन तिच्या बाजूने बोलत होत्या, पण गव्हाच्या कणांपुढे त्यांचंही काही चालत नव्हतं. भटूने डॉक्टरांना हात जोडून विचारलं, की तिला 'सायंछाया'त परत नेऊ द्याल का? जायचंच आहे तर तिच्या कॉटवर जाऊ दे. डॉक्टर तयार झाले. पण ट्रस्टचे लोक म्हणाले, आमच्याकडे खाण्यात हयगय झाली की काय, हे कळल्याशिवाय पेशंट परत घेता येणार नाही.

तेव्हा कुठे भटूचं तोंड उघडलं. तिथेच, सगळ्यांसमोर, त्याने रोटाचं सांगितलं. पडदा ओढल्याचं, ठसक्याचं, दोन्ही फोनचं. सांगताना तो लहान मुलासारखा नाक ओढत होता.

पूजा रडायची थांबली आणि त्याच्याकडे बघतच राहिली. हर्षदाबेन चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी विचारलं होतं ना, भटूभाऊ," त्या म्हणाल्या. "दोनदा विचारलं होतं."

मग त्या उठल्या. ट्रस्टच्या माणसांशी बोलल्या, त्यांना राजी केलं, गाडी ठरवली, फोन करून मायची कॉट तयार ठेवायला सांगितली. कागदांवर सह्या झाल्या. ट्रस्टच्या एकाने जाता जाता हर्षदाबेनना सांगितलं, आता ते फोनबिन पुरे करा, घरची माणसंच खोटं बोलतात तर विचारून उपयोग काय, यापुढे सरळ गाडीच बोलवायची, सगळ्यांसाठी. भटूनेही ते ऐकलं.

स्ट्रेचर घेऊन माणसं आत गेली आणि तशीच थबकली. नर्सने भटूला बाजूला सारलं, मायच्या गळ्याशी बोटं लावली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मशीन बंद केलं, तोंडावरचा मास्क काढला, आणि मग शेवटी हात सोडले.